टीव्ही रेकॉर्डिंगच्या कडेची काळी पट्टी: किती कापावी आणि कशी

संगणकावर उतरवलेल्या टीव्ही रेकॉर्डिंगमध्ये दिसणारी प्रत्येक काळी पट्टी एकाच जातीची नसते. ती कुठून आली हे आधी ठरवले नाही, तर पट्टीबरोबर चित्रही कापले जाते, किंवा पट्टी जाते पण माणसे आडवी फुगलेली दिसू लागतात. म्हणून पहिले काम कापण्याचे नसून ओळखण्याचे आहे.

व्हीएचएस फितीवरून किंवा सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींतून घेतलेले आपल्याकडचे रेकॉर्डिंग पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचे असते आणि त्याची चौकट बहुधा ७२० बाय ५७६ पिक्सेलची येते. तिच्या डाव्या-उजव्या काठांवरच्या बारीक काळ्या रेघा हा बिघाड नव्हे. पाल पद्धतीत एका रेषेतला प्रत्यक्ष चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो आणि डिजिटल करताना सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले जातात. गुणाकार केल्यास चित्राच्या वाट्याला ७०२ पिक्सेल येतात, चौकट मात्र ७२० ची असते, आणि उरलेली जागा काळी राहते. जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही चित्राच्या चारही कडा चौकटीमागे दडवत असत, त्यामुळे ही जागा तेव्हा कोणाच्या नजरेस पडलीच नाही.

दुसरी पट्टी वर-खाली असते आणि ती प्रक्षेपणातूनच आलेली असते. १६:९ चा चित्रपट ४:३ च्या पडद्यात बसवताना ५७६ पैकी ४३२ ओळींत चित्र राहते आणि वर-खाली ७२-७२ ओळी काळ्या पडतात. एचडी वाहिनीवर जुनी मालिका लागते तेव्हा याच्या उलट घडते: १९२० च्या रुंदीत चित्र १४४० पिक्सेलचे असते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलची काळी जागा येते. जुन्या मालिकेतच वर-खाली पट्ट्या असतील तर चित्र चहूबाजूंनी वेढले जाते.

तिसरी पट्टी आपण स्वतः तयार केलेली असते, आणि ती कापत बसण्यात अर्थ नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास, म्हणजे रेकॉर्ड होणारी चौकट, १९२० बाय १०८० ठेवून ७२० बाय ५७६ चा स्रोत जोडला, तर लहान चित्राभोवती मोठा काळा पट्टा रेकॉर्ड होतो. कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही ७२० बाय ५७६ केले की तो जातो. सेट-टॉप बॉक्सच्या चित्रविषयक सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ४:३ निवडलेला राहिला असेल, तरीही विनाकारण पट्ट्या येतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवी वायर किंवा दुसरे कॅप्चर उपकरण आणण्याआधी ही दोन सेटिंगे तपासावीत. फीत पुन्हा लावून घेणे शक्य असेल तर सेटिंगे सुधारून नव्याने रेकॉर्ड करणे, हेच कापण्यापेक्षा चांगले.

आता मोजणी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या आपोआप ओळखण्याची सोय असते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. सॉफ्टवेअरला पट्टी कळत नाही, फक्त अंधार कळतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीच्या थेट प्रक्षेपणाचे उदाहरण घ्या. रात्री अलका चौकातल्या दृश्यात वरचा तिसरा हिस्सा काळे आकाश असतो; मोजणीसाठी निवडलेली सगळी दृश्ये रात्रीचीच निघाली, तर सॉफ्टवेअर त्या आकाशालाच पट्टी समजून वरचा भाग छाटून टाकते, आणि पुढे उंच रथ आला की त्याचा कळसच दिसत नाही. त्याच फितीत सकाळी मंडईतून कसबा गणपतीची मिरवणूक निघतानाचा भाग असेल, तर तिथे उजेड पुरेसा असल्यामुळे चित्राची खरी कड नेमकी दिसते. मोजमाप तिथे घ्यावे आणि तेच संपूर्ण फितीला लावावे. उलट चूकही होते. फितीवरचा काळा रंग निखळ काळा नसतो, त्यात खरखर असते, आणि ती जास्त असली की सॉफ्टवेअरला पट्टी सापडतच नाही.

हाताने मोजण्यासाठी अ‍ॅव्हिडेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे आहे. व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’वर ठेवल्यास फिल्टर वापरता येत नाहीत, म्हणून तिथे एखादा एन्कोडर, म्हणजे चित्र नव्याने दाबून साठवणारा पर्याय, निवडावा आणि मग फिल्टरांतून ‘क्रॉप’ उघडावा. आकडा वाढवत नेला की जेवढा भाग जाणार तेवढ्यावर हिरवा रंग चढतो. हिरव्याच्या आत काळी रेघ उरली नाही, आणि चित्रातला कोणाचा खांदाही हिरव्याखाली गेला नाही, तिथे थांबावे. मग कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागात जाऊन तोच आकडा ताडून पाहावा. मध्ये जाहिराती असतील तर त्या आधी काढाव्यात, कारण त्यांच्या पट्ट्या कार्यक्रमापेक्षा वेगळ्या असू शकतात.

आकडे नेहमी सम घ्यावेत. व्हिडिओत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलांना मिळून साठवलेली असते, त्यामुळे १३५ ओळींची पट्टी असेल तर १३६ कापाव्यात. चित्र इंटरलेस्ड, म्हणजे सम-विषम ओळींत विभागलेले असेल आणि तसेच ठेवायचे असेल, तर वरून कापायच्या ओळी चारच्या पटीत असाव्यात. संगणकावर किंवा मोबाइलवरच पाहायचे असेल, तर मात्र आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे या ओळी एकत्र करून अखंड चित्र बनवावे, आणि नंतर कापावे. हलत्या हातापायांवरची कंगव्यासारखी दातेरी कड त्यानेच जाते.

प्रत्यक्ष कापणीसाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ‘डायमेन्शन्स’ या भागात क्रॉपिंग ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कस्टम’ करून मोजलेले आकडे भरावेत. पालच्या चौकटीत डावीकडून आणि उजवीकडून मिळून १६ पिक्सेल कापण्याचा प्रयत्न करावा. चित्र मधोमध नसेल तर एकीकडून १० आणि दुसरीकडून ६ असेही चालते. यामागे हिशेब आहे: उरलेले ७०४ पिक्सेल चौकोनी नसून १२:११ या प्रमाणात किंचित रुंद असतात, म्हणून पडद्यावर चित्र ७६८ बाय ५७६, म्हणजे बरोबर ४:३ दिसते. वर-खालच्या ७२-७२ ओळीही कापल्या तर ७६८ बाय ४३२, म्हणजे नेमके १६:९ मिळते. कॅप्चर केलेल्या फाइलमध्ये हे प्रमाण अनेकदा नोंदलेलेच नसते. त्यामुळे ‘अ‍ॅनामॉर्फिक’मध्ये ‘कस्टम’ निवडून पिक्सेलचे प्रमाण १२:११ स्वतः भरावे. चित्र ओढून पुन्हा ७२० बाय ५७६ मध्ये भरण्याचा मोह टाळावा, आणि ते मोठे करून १०८० वर नेण्याचाही. ते काम पाहताना टीव्ही आपोआप करतो, फाइल मात्र उगाच फुगते.

कापायचे म्हणजे चित्र पुन्हा एन्कोड करणे आले आणि त्यात थोडी गुणवत्ता जाणारच, म्हणून सर्व कापणी एकाच फेरीत उरकावी. एसडी, म्हणजे अशा एचडी नसलेल्या, चित्रासाठी हँडब्रेकमध्ये आरएफ हा गुणवत्तेचा आकडा १८ ते २० ठेवावा. व्हीएचएसच्या तळाशी, हेड बदलताना, काही ओळींचा वाकडा, थरथरणारा पट्टा येतो. तोही याच फेरीत काढावा. तो काढल्यावर तेवढ्याच प्रमाणात बाजू कापून ४:३ साधण्याचा अट्टहास मला पटत नाही. चौकट चार-दोन ओळींनी बुटकी झाली तर पाहणाऱ्याला कळतही नाही, कापलेला चेहरा मात्र कळतो. डीव्हीडी करायची असेल तर अजिबात कापू नये. तिला ठरावीक मापांचीच, बहुधा ७२० बाय ५७६ ची, चौकट लागते, तेव्हा गढूळ काठांवर स्वच्छ काळा रंग चढवणे पुरे.

पुन्हा एन्कोड करायचेच नसेल तर फाइल एमकेव्ही स्वरूपात नेऊन एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने तिच्या शीर्षभागात कापणीचे आकडे नोंदवता येतात. चित्राला धक्का लागत नाही, पण सगळे प्लेअर ही नोंद पाळत नाहीत. वाहिनीची बातमीपट्टी किंवा उपशीर्षके काळ्या जागेतच असतील, तर तेवढी बाजू न कापणेच योग्य.

पूर्ण फाइलवर काम सोडण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर लावून पाहावा. कॅमेऱ्यासमोर सरळ आलेले ढोलाचे पान गोल दिसते का, हे तपासावे. ते अंडाकृती दिसले तर पिक्सेलचे प्रमाण चुकले आहे; कापणीचे आकडे तसेच ठेवून फक्त तेवढे दुरुस्त करावे. मूळ कॅप्चर वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे आणि फाइलच्या नावातच कापलेले आकडे लिहावेत, कारण त्याच व्हीसीआरमधून आणि त्याच उपकरणातून घेतलेल्या पुढच्या फितीचे काठ जवळजवळ तेवढेच निघतात.