बंदुकीच्या आणि लष्करी सरप्लसच्या दुकानात ग्राहक म्हणून कसे वागावे

बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या जागी एकदा स्वतःला ठेवून बघा. दिवसभर अनोळखी माणसं त्याच्यासमोर बंदुका हाताळतात आणि नळीचं तोंड कधी त्याच्या छातीवरून, कधी पोटावरून फिरून जातं. बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी त्याच्या काळजात चर्र होतंच. या दुकानांतल्या बहुतेक रीती त्या माणसाचा जीव जपण्यासाठी आहेत. एवढं ध्यानात ठेवलं तर पहिल्यांदा जाणाऱ्यानेही बिचकायचं कारण नाही.

तयारी घरूनच सुरू होते. स्वतःची बंदूक दुरुस्तीला किंवा विकायला नेत असाल, तर ती घरीच रिकामी करा. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढा, मग चेंबर, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसतं तो कप्पा, उघडून आत बघा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढू शकतं. मग बंदूक केसमध्ये घालून केस बंद करा. काडतुसं बरोबर नेऊच नका. न्यायचीच असली तर वेगळ्या डब्यात. परवाना आणि कागदपत्रं सोबत असू द्या. दुकानात शिरल्यावर केस लगेच उघडायची नाही. ‘दुरुस्तीला रायफल आणलीय, कुठे उघडू?’ असं विचारायचं आणि ते सांगतील तिथेच उघडायची.

मी उभा होतो त्या काउंटरवर एकदा एका गृहस्थांनी टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढून ठेवलं. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात सापडलं होतं. दुकानदाराने सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल फिरता भाग, उघडला, तर आत काडतुसं. कुणी काही बोललं नाही, पण त्या गृहस्थांचे हात नंतर बराच वेळ थरथरत होते. घरात असं शस्त्र सापडलं आणि ते रिकामं कसं करायचं हे येत नसेल, तर त्याला हात लावू नका. आधी फोन करून विचारा.

आता दुकानातली बंदूक बघायची झाली तर. रॅकवरून स्वतः उचलायची नाही; मागायची. जाणता दुकानदार ती कशी देतो हे नीट पाहण्यासारखं आहे. तो नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे धरतो, मॅगझिन काढतो, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मागे खेचतो, चेंबरमध्ये बघतो, कित्येकदा बोट घालून चाचपतोही, आणि बोल्ट उघडाच ठेवून बंदूक तुमच्या हातात देतो. त्याने बघितलं तरी तुम्हीही बघायचं. यात त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही, उलट तुम्हाला रीत कळते हे त्याला समजतं. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेल्या चार नियमांतला पहिला हाच, की प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. बोट चापावर न ठेवता चापाच्या वर, बाजूने सरळ ठेवा. नेम धरून बघायचा असेल तर ‘कुठे धरू?’ असं विचारा. आणि कुणी हाक मारली तर बंदूक हातात घेऊन वळू नका. माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच.

रिकाम्या बंदुकीचा चाप ओढण्याआधी परवानगी घ्यायला हवी. पॉइंट टू टू रिमफायर बंदुकीत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी सुई, काडतुसाच्या कडेवर आपटते; काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आपटून दोघांनाही इजा करू शकते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नका, त्याने सिलिंडर धरणारा भाग वाकतो. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, रिकाम्या चेंबरवर धाडकन सोडू नका. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली एम-वन गॅरंड रायफल हातात आली तर बोल्ट कसा बंद करायचा हे आधी विचारून घ्या. तिच्यात अंगठा चेमटून घेणारे पुष्कळ आहेत. आणखी एक, निळसर पॉलिशच्या पोलादावर घामेजल्या बोटांचे ठसे गंजतात, म्हणून परत देताना पुसायला फडकं मागितलं तर दुकानदाराला बरंच वाटेल.

बोलण्याचंही भान हवं. ‘शेजाऱ्याचा बंदोबस्त करायचाय’ असली थट्टा इथे कुणी थट्टा म्हणून घेत नाही. दुकानदार विक्री नाकारू शकतो, आणि नाकारली तर वाद घालू नका. बंदूक हवी एकाला आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे तर बोलूनही दाखवू नका. अमेरिकेत तो संघीय कायद्याने गुन्हा आहे आणि इतरत्रही कुणी खपवून घेणार नाही. घासाघीस चालते, पण नेमस्त. तासभर माहिती काढून शेवटी मोबाइलवर दुसरीकडचा भाव दाखवणं मात्र मला पटत नाही.

सरप्लसच्या, म्हणजे सैन्याने विकून टाकलेल्या जादा सामानाच्या, बाजूला वातावरण जरा सैल असतं. तिथे ढिगातून उपसायला हरकत नाही, फक्त घडी होती तशी घाला. मापं आधी समजून घ्या म्हणजे दहा जाकिटं विस्कटावी लागत नाहीत. ब्रिटिश कपड्यावर १८०/९६ असं लिहिलेलं असेल तर उंची १८० आणि छाती ९६ सेंटिमीटर. जुन्या सोव्हिएत गॅस मास्कचे फिल्टर लावून श्वास घेऊ नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. रशियन मोसिन-नगांसारख्या जुन्या रायफली कधी कधी गंजरोधक कॉस्मोलिन ग्रीसने माखलेल्या असतात. हात बरबटले तर ते कपड्यांच्या ढिगाला पुसू नका आणि त्या ग्रीसबद्दल तक्रारही नको, त्यानेच तर त्या इतकी वर्षं टिकल्या. सरप्लस काडतुसं घेताना प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातला आघाताने पेटणारा भाग, गंज आणणारा आहे का ते जरूर विचारा. असेल तर नेमबाजी झाल्यावर नळी आधी पाण्याने धुवायची, कारण मागे उरलेले क्षार पाण्यानेच निघतात, आणि कोरडी करून मग तेल द्यायचं.

एखाद्या जाकिटाच्या छातीवर अजून नावाची पट्टी शिवलेली दिसेल. ते कुणा खऱ्या माणसाचं नाव आहे. ते मोठ्याने वाचून हसू नका, आणि न कमावलेली पदकं लावून आरशासमोर फोटोही काढू नका. अशा दुकानांत माजी सैनिक येत असतात, कधी काउंटरमागेही तेच असतात. ‘तुम्ही किती जणांना मारलंत?’ हा प्रश्न त्यांना कधीही विचारू नका. बोलायचं असलं तर ते आपणहून बोलतात, आणि बोलायला लागले तर हातातलं जाकीट खाली ठेवून ऐका.