पान पिवळं पडलं की आधी बाटली नको

तांबडी भाजी (लाल माठ) नाहीतर पालक पिवळा दिसला की दुकानातून जिबरेलिकची, म्हणजे रोपाची उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाची, बाटली आणायची सवय झाली आहे. चार दिवसांत रोप उंच होतं, आपण खूश. पण दांडे लांब आणि पानं फिकट, पातळ. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारपर्यंत जुडी मान टाकते. संप्रेरक पेशी ताणतं, अन्न पुरवत नाही.

म्हणून आधी पान पाहा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. पण आपल्या तांबड्या, आंबट मातीत लोह सहसा भरपूर असतं, त्यामुळे तसं दिसलं तर पाणी तुंबलंय का, चुना जास्त पडलाय का, हे आधी बघावं. पानं बारीक आणि दोन पानांमधलं अंतर आखूड झालं असेल तर जस्ताचा संशय घ्या. गंमत म्हणजे ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक बनवायला रोपाला जस्तच लागतं.

जस्ताचा संशय असेल तर एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरलेला चुना, गाळून, संध्याकाळी. सगळ्या वाफ्यावर नको, एका कोपऱ्यात फवारा. आठवड्याभराने नवं पान शेजारच्या, न फवारलेल्या रोपाच्या नव्या पानाशी लावून बघा. जुनी पानं सुधारत नाहीत, त्यांच्यावरून ठरवू नका. फरक दिसला तरच बाकीच्या वाफ्यावर फवारा.