दोन हॉस्पिटलांची सायबर रिस्क कंपेअर कशी करायची

एकाच ट्रस्टची दोन हॉस्पिटलं असतात, सिक्युरिटीचं बजेट मात्र एकापुरतंच, मग आधी खर्च कुठे करायचा हे ठरवताना दोन्हीकडचे लोक आयएसओचं सर्टिफिकेट आणि अँटिव्हायरसचं लायसन्स काढून दाखवतात. ते बघून घ्या आणि बाजूला ठेवा, त्यावरून फरक कळत नाही.

साधी एक्सेल शीट घ्या, दोन्ही हॉस्पिटलांना तेच प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तरापुढे लिहा: नुसतं सांगितलं, दाखवलं, की आपल्यासमोर करून पाहिलं. माझ्या मते अर्धी तुलना इथेच होते. "बॅकअप रोज होतो" हे सगळेच सांगतात, पण शेवटचा रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणून बघणं, कधी केला, किती तास लागले आणि बॅकअपची एक कॉपी नेटवर्कपासून तोडून ठेवलीय का, हे विचारलं की एकीकडे रजिस्टर निघतं आणि दुसरीकडे सगळे एकमेकांकडे बघतात.

सगळ्यात जास्त वेळ नेटवर्कला द्या. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं, पाच सर्व्हरवरचा साधारण 1.3 टीबी डेटा एन्क्रिप्ट झाला, ओपीडीपासून लॅबपर्यंत बरेच दिवस कागदावर काम चाललं, आणि नेटवर्कचं सेगमेंटेशन, म्हणजे वेगवेगळ्या भागांत तोडणं, नीट नव्हतं हे कारण सरकारनेच संसदेत सांगितलं. म्हणून आयटीवाल्यांची परवानगी घेऊन बिलिंग काउंटरच्या पीसीवर बसा आणि तिथून लॅबचा सर्व्हर, एक्स-रे सीटीच्या इमेजेसचा पॅक्स सर्व्हर, सीटीचं कन्सोल यातलं काय काय दिसतं ते बघा. सगळंच दिसत असेल तर त्या हॉस्पिटलला लाल रंग, बाकीचं कितीही चकाचक असू दे.

मग जुनी विंडोज. एमआरआय, सीटीच्या मशीनवर ती असतेच, व्हेंडर पॅच (सुरक्षेची दुरुस्ती करणारा अपडेट) टाकू देत नाही, त्यामुळे नुसता आकडा मोजू नका, त्या मशीन बाकीच्या नेटवर्कपासून वेगळ्या काढल्यात का ते बघा. मे 2017 च्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने विंडोजमधली जी फट वापरली तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, तरी इंग्लंडमधल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या 236 ट्रस्टपैकी किमान 80 ना फटका बसला.

व्हेंडर रिमोटने कसे येतात, ओटीपी लागतो का, सगळ्यांचा एकच पासवर्ड आहे का, हे पटकन विचारून पुढे जा.

अलर्टचं मात्र उलटं असतं बरं का. एका हॉस्पिटलने वर्षभरात भरपूर इन्सिडेंट नोंदवले आणि दुसऱ्याने शून्य, तर शून्यवालं सेफ असं धरू नका, तिथे बहुतेक कोणी बघतच नसतं. आयर्लंडच्या एचएसई या सरकारी आरोग्यसेवेत 2021 साली मेलमधली एक्सेल फाइल 18 मार्चला उघडली गेली, 31 मार्चला अँटिव्हायरसने संशयास्पद टूल्स पकडली पण तो फक्त मॉनिटर मोडवर होता, म्हणजे नोंद करायचा, अडवायचा नाही, आणि 14 मे ला सगळं बंद पडलं.

शेवटी मार्कांची बेरीज करू नका, बेरजेत फ्लॅट नेटवर्क, म्हणजे कुठूनही सगळं दिसणारं नेटवर्क, लपून जातं. घुसणं किती सोपं आणि बंद पडल्यावर पेशंटचं किती अडेल असे दोन कॉलम वेगळे ठेवा. छोट्या हॉस्पिटलात आयसीयू आणि ब्लड बँक असेल तर तेच वर येईल. आणि घटना कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवावं लागतं, तर रविवारी रात्री हे कोण करणार त्याचं नाव आणि मोबाइल नंबर दोन्हीकडून लिहून घ्या, तिथल्या तिथे फोन लावून बघा.