फॉर्ममधला 'तालुका' रकाना: या चुका टाळा

राज्य महाराष्ट्र, जिल्हा पुणे. इथवर कुणी चुकत नाही. गाडी अडते ती 'तालुका' या रकान्यावर, आणि बहुतेक जण तिथेही 'पुणे' ठोकून मोकळे होतात.

पुणे जिल्ह्यात 14 तालुके आहेत. त्यात 'पुणे शहर' नावाचा तालुका आहे खरा, पण महापालिकेची हद्द म्हणजे तो तालुका नव्हे. 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्यातली वाघोली हवेली तालुक्यातली, तर सूस-म्हाळुंगे मुळशीतली. म्हणजे घरपट्टी महापालिकेची, सातबारा मात्र मुळशीचा! पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी म्हणून तिथले लोक तालुक्यातही 'पिंपरी' लिहितात. त्या नावाचा तालुकाच नाही. ऑनलाइन अर्जात गावाचं नाव यादीत सापडत नसेल, तर संगणकाला शिव्या घालण्याआधी वरचा तालुका बदलून पाहा.

तालुक्याचं नाव आणि कचेरीचं गाव यांचीही गल्लत होते. मुळशीची कचेरी पौडला, मावळची वडगावला, पुरंदरची सासवडला, खेडची राजगुरुनगरला. तेव्हा 'ता. सासवड' लिहू नका. 'खेड' निवडताना जिल्हा आधी बघा, रत्नागिरीतही खेड तालुका आहे. सगळ्यात फसवं आंबेगाव. कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक हवेलीतलं. आंबेगाव तालुका पार उत्तरेला, कचेरी घोडेगावला.

'विभाग: पुणे' दिसलं म्हणून सांगलीकरांनी गोंधळू नये. पुणे महसूल विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात.

आणि 'प्रांत'? शाळेच्या इतिहासातला मुंबई प्रांत केवढा अवाढव्य! तहसील कचेरीत कुणी "प्रांतांची सही आणा" म्हटलं, तर मंत्रालय गाठू नका. एक-दोन तालुके सांभाळणारे उपविभागीय अधिकारी म्हणजे आपले प्रांतसाहेब.

पिनकोडवरून जिल्हा ओळखायचा मोहही टाळा. 1972 पासूनची ती टपालखात्याची वाटणी आहे, महसुलाची नाही. लोणावळा 410401, पनवेल 410206. सुरुवात सारखीच, पण पहिलं पुणे जिल्ह्यात आणि दुसरं रायगडात.

तरीही शंका राहिली तर आधारकार्डावरून उतरवू नका. तिथे तालुका आपणच कधीतरी अंदाजाने सांगितलेला असू शकतो. सातबारा काढा. गाव, तालुका, जिल्हा अगदी वरच छापलेले असतात. भाड्याने राहत असाल तर घरमालकाच्या खरेदीखतात बघा.