जर्मनीत मास्टर्स करताय? पहिल्या सेमिस्टरचे क्लासेस असे सांभाळा

आपल्याकडून इंजिनिअरिंग करून इथे आलेल्या मुलांना सगळ्यात जड काय जातं, तर इथे मागे लागणारं कोणी नसतं. बहुतेक लेक्चरला हजेरी नाही, टर्मवर्क नाही, डिफॉल्टर लिस्ट नाही, आणि बऱ्याच विषयांचे सगळे मार्क शेवटच्या एका पेपरवर. ऑक्टोबरात क्लासेस सुरू होतात, ख्रिसमसपर्यंत सगळं निवांत वाटतं आणि जानेवारीत धाबं दणाणतं.

म्हणून आधी कोर्सचं मोडुलहांडबुख, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, डाउनलोड करून नीट वाचा. परीक्षा लेखी की तोंडी, क्रेडिट किती, आधीचं काय यायला हवं, सगळं त्यात असतं. एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, म्हणजे 6 क्रेडिटचा विषय 150 ते 180 तास खातो आणि त्यात लेक्चरचे तास निम्मेसुद्धा नसतात, उरलेलं सगळं आपलं आपण. सेमिस्टरला 30 क्रेडिट धरलेले असतात, पण पार्टटाइम जॉब करणार असाल तर पहिल्यांदा एखादा विषय कमी घ्या, माझं तरी स्पष्ट मत आहे.

लेक्चर एकवेळ बुडालं तर चालेल, स्लाइड्स बहुतेक वेळा मूडलवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अभ्यासाच्या वेबसाइटवर, मिळतात. उबुंग मात्र बुडवू नका. उबुंग म्हणजे गणितं सोडवायचा तास, त्याची शीट आधी येते आणि ती स्वतः सोडवूनच जायचं, अर्धवट का होईना. ट्यूटर फळ्यावर सोडवतो तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं, पेपरात तेच आकडे फिरवून आलं की पेन हलत नाही. काही विषयांत तर शीटचे ठरलेले मार्क मिळाल्याशिवाय पेपरलाच बसू देत नाहीत, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

आणि हे अगदी कळकळीने सांगतोय, परीक्षेला आपोआप नाव लागेल असं समजू नका. पोर्टलवर जाऊन एकेका विषयाची नोंदणी स्वतः करायची, तारीख गेली की गेली, हातापाया पडून फारसा उपयोग होत नाही. बऱ्याच युनिव्हर्सिटीत एका विषयाला तीनच अटेम्प्ट असतात आणि कंपल्सरी विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर तो कोर्सच हातचा जातो. त्यामुळे तयारी नसेल तर मुदतीत नाव काढून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मार्क उलटे असतात, 1.0 सगळ्यात भारी, 4.0 ला पास आणि 5.0 म्हणजे नापास.

शंका विचारायला लाजू नका. फक्त 'सर, काहीच कळलं नाही' असं नको, 'तिसऱ्या शीटच्या दुसऱ्या प्रश्नात इथपर्यंत आलो, पुढे अडलंय' असं विचारा, लोक खरंच वेळ काढून समजावतात. ईमेलमध्ये आडनावाने लिहायचं, डिअर सर नाही.

टाइमटेबलवर 10 सी.टी. दिसलं तर तास 10:15 ला सुरू होतो, एस.टी. असेल तर बरोबर 10 ला. तास संपल्यावर सगळे बाकं ठोकतात, त्या टाळ्याच असतात, तुम्हीही ठोका.

जुने पेपर बऱ्याचदा फाखशाफ्टकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे मिळतात. ते डिसेंबरातच मिळवा आणि घड्याळ लावून सोडवा, कारण बऱ्याच पेपरात प्रश्न सोडवता येत असतात पण वेळच पुरत नाही.