बोर्डाची रिव्हिजन ओळखणारा यू-बूट ड्रायव्हर: रिव्ह्यू कसा करावा

यू-बूट हा बोर्ड सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणारा प्रोग्राम, आणि रिव्हिजन म्हणजे बोर्डाची आवृत्ती. पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) उघडण्याआधी स्कीमॅटिक (बोर्डाचा सर्किट-नकाशा) उघडा. सी भाषा येते म्हणून थेट कोडला हात घालणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे शेरे बहुधा इंडेंटेशनवर संपतात. रिव्हिजनचा आकडा पिनांना जोडलेल्या रेझिस्टरांनी नोंदवलेला असतो, त्यामुळे तो ओळखणारा कोड बरोबर की चूक, हे बोर्डावरचे रेझिस्टर ठरवतात. म्हणून पॅच पाठवणाऱ्याकडे तक्ता मागा: कोणत्या पिना, प्रत्येक रिव्हिजनला कोणती वर (पुरवठ्याकडे) ओढलेली, कोणती खाली (ग्राउंडकडे), कोणती मोकळी, आणि रेझिस्टर किती किलोओहमचे. हा तक्ता कमिट मेसेजमध्येच हवा. तो येईपर्यंत पुढचा रिव्ह्यू करू नका.

‘माझ्या बोर्डावर चालवून पाहिले, रिव्हिजन बरोबर आली’ हा पुरावा नव्हे. तीन त्रिमान (वर, खाली किंवा मोकळ्या) पिनांच्या २७ शक्यता होतात. डोळे मिटून एकच आकडा परत करणारा ड्रायव्हरही त्या एका बोर्डावर पास झाला असता.

चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) आणि बिल्ड उरकून घ्या.

मग पाहा, नव्या कोडची गरज आहे का. यू-बूटच्या सिसइन्फो (बोर्डाची माहिती देणाऱ्या) वर्गात जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वाचता येणाऱ्या सर्वसाधारण) पिनांवरून रिव्हिजन वाचणारा ड्रायव्हर आधीच आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) पिनांची यादी, रिव्हिजनचे आकडे आणि त्यांची नावे दिली की काम होते. तेच कोणी बोर्डाच्या फोल्डरमध्ये नव्याने लिहिले असेल तर कारण विचारा. आकड्यांची आणि नावांची संख्या जुळते का, तेही मोजा. आणि सिसइन्फोकडून काहीही मागण्याआधी डिटेक्ट फंक्शन बोलावलेले हवे, नाहीतर ‘ईपर्म’ (परवानगी नाही) एरर मिळते.

पिनांचा क्रम: यादीतली पहिली पिन सर्वांत कमी वजनाची असते. स्कीमॅटिकवर डावीकडून मोठी पिन आधी लिहिलेली असते, ती तशीच उतरवली की आकडा उलटा वाचला जातो. तीन द्विमान (फक्त ० किंवा १) पिनांवर ०, २, ५ आणि ७ हे आकडे उलटे केले तरी तेच राहतात, म्हणून त्या रिव्हिजनच्या बोर्डांवर ही चूक दिसतच नाही. चाचणी १ किंवा ३ क्रमांकाच्या बोर्डावर मागा. अ‍ॅक्टिव्ह-लो (खालची पातळी म्हणजे १) खूण चुकली तर ० आणि १ यांची अदलाबदल होते, मोकळी पिन मात्र मोकळीच वाचली जाते.

आता मोकळ्या पिनेकडे या. रिव्ह्यूचा निम्मा वेळ इथे घालवा.

तत्त्व सोपे आहे. चिपच्या आतला पुलअप (पिन वर ओढणारा रेझिस्टर) लावून पिन वाचायची, मग पुलडाउन (खाली ओढणारा) लावून वाचायची. दोन्ही वेळा उत्तर तेच आले तर बाहेरचा रेझिस्टर जिंकला, म्हणजे ० किंवा १. उत्तर बदलले तर पिन मोकळी, म्हणजे २. कोडमध्ये हे दहा ओळींत मावते आणि पहिल्या नजरेत निर्दोष दिसते.

पहिला सापळा जीपीआयओ ड्रायव्हरमध्ये आहे. पुलअप-पुलडाउनची विनंती त्या चिपच्या ड्रायव्हरमधल्या ‘सेट फ्लॅग्ज’ फंक्शनपर्यंत जाते. ते फंक्शनच लिहिलेले नसेल तर यू-बूटचा सामाईक कोड पिन फक्त इनपुट करतो आणि यश कळवतो. पुल लागलेला नसतो, एरर येत नाही, आणि मोकळी पिन मनाला येईल ते सांगते. त्यामुळे पॅचमध्ये नसलेली फाइलही उघडायची: त्या चिपच्या जीपीआयओ ड्रायव्हरमध्ये हे फंक्शन आहे का, आणि ते पुलच्या रजिस्टरमध्ये खरोखर लिहिते का? ‘एरर आली नाही, म्हणजे चालतेय’ असे कोणी सांगितले तर मानू नका.

दुसरा सापळा आतल्या आणि बाहेरच्या रेझिस्टरमध्ये व्होल्टेज कसा विभागला जातो, त्यात आहे. डेटाशीटमधला आतल्या पुलचा टिपिकल आकडा घेऊ नका, किमान घ्या. समजा टिपिकल ५० किलोओहम आणि किमान २० आहे. बाहेर १० किलोओहमने ३.३ व्होल्टला ओढलेली पिन आतल्या पुलडाउनविरुद्ध एरवी २.७५ व्होल्टवर राहते; किमान आकड्याला ती २.२ वर येते. इनपुटची ‘१’ची हमी पुरवठ्याच्या ७० टक्क्यांपासून असेल, तर हवेत २.३१. म्हणजे काही चिपांवर ही पिन मोकळी वाचली जाऊ शकते, आणि हे टेबलावर नाही, उत्पादनात कळते. बाहेर ४.७ किलोओहम असता तर २.६७ मिळाले असते. हा दोष ड्रायव्हरमधून जात नाही. हार्डवेअरवाल्यांना कळवा.

तिसरा, थांबण्याचा वेळ. आतला पुल जास्तीत जास्त १०० किलोओहम आणि पिनेवर ५० पिकोफॅरड धरले तर पातळी उतरायला साधारण ६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून १० पुरतात. पण त्याच रेषेवर १ नॅनोफॅरडचा फिल्टर कॅपॅसिटर असला की १२० लागतात. १० वरच वाचले तर दुसऱ्या वाचनातही जुनीच पातळी मिळते आणि मोकळी पिन ० किंवा १ होऊन बसते. डीलेचा आकडा कुठून आला ते विचारा. ‘दुसऱ्या बोर्डावरून घेतला’ हे उत्तर चालत नाही.

वाचून झाल्यावर पुल कोणत्या स्थितीत सोडला तेही बघा. वर ओढलेल्या पिनेवर पुलडाउन तसाच राहिला तर १० आणि ५० किलोओहममधून ५५ मायक्रोअ‍ॅम्प सतत वाहतात. बॅटरीच्या उपकरणात ते परवडत नाही.

रिव्हिजन पिनांवर नसून ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या छोट्या मेमरीत) असेल तर वेगळे प्रश्न विचारा. बीगलबोन ब्लॅक या बोर्डात ही मेमरी आयटूसी (दोन तारांच्या बस) वर हेक्स ५० पत्त्यावर असते. बोर्डाच्या नावाला ८ बाइट आणि ‘ए३३५बीएनएलटी’ (A335BNLT) हे नावही बरोबर ८ अक्षरांचे, म्हणजे सीमध्ये मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्याला जागा नाही. बफर ९ बाइटचा हवा. एका बाइटचा पत्ता घेणाऱ्या चिपला दोन बाइटचा पत्ता पाठवून मध्ये स्टॉप (बसवरचा समाप्तीचा संकेत) दिला, तर दुसरी बाइट डेटा म्हणून लिहिली जाते. राइट-प्रोटेक्ट नसेल तर ओळख पटवता पटवता ओळखच पुसली जाईल.

एरर तपासताना ‘शून्य नसेल तर एरर’ असे लिहिलेले दिसले की थांबा. त्रिमान वाचणारे फंक्शन यशस्वी झाल्यावर रिव्हिजनच परत करते, म्हणून फक्त ऋण आकडा एरर मानायचा. नाहीतर रिव्हिजन ० सोडून सगळे बोर्ड नापास होतात. तो आकडा अनसाइन्ड (ऋण आकडा न ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल तर उलटे होते: एरर कधीच पकडली जात नाही.

शेवटी अनोळखी रिव्हिजन. सर्वांत नवी समजून पुढे जाणे ही वाईट सवय आहे. रिव्हिजनवरून फक्त एलईडीची पिन ठरत असेल तर ‘अज्ञात’ छापून बूट होऊ द्या. तिच्यावरून एसपीएलमध्ये (यू-बूटच्या सुरुवातीच्या छोट्या टप्प्यात) डीरॅमची (मुख्य मेमरीची) मांडणी किंवा पीएमआयसीचा (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपचा) व्होल्टेज ठरत असेल तर कन्सोलवर वाचलेला कच्चा आकडा छापून तिथेच थांबणारा कोड मागा. तो नसेल तर ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासल्याची सही) देऊ नका.