भविष्यवाणी, भाकीत, अंदाज: या चुका टाळा

जिल्ह्याच्या पेपरात बातम्या तपासायला बसलं की मे-जूनमध्ये एक शब्द रोज छळतो: भविष्यवाणी. पाऊस असो, निवडणूक असो, कापसाचा भाव असो, सगळ्याला भविष्यवाणी. अहो, वाणी देवाची असते, संतांची असते, गेला बाजार अंगात आलेल्या भगताची असते. तिला कुणी आधार विचारत नाही. हवामान खातं अंदाज देतं. एप्रिलमध्ये ते दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के पाऊस होईल हे सांगतं आणि त्यात ५ टक्के कमी-जास्त धरा, हेही सांगतं. वाणी करणारा असलं काही सांगतो का?

परभणीकडचा एक नवा वार्ताहर. पोरगा हुशार, पण घाईचा. मोबाइलवर फिरत आलेला मजकूर त्यानं उचलला: मृगाचं वाहन बेडूक, पाऊस भरपूर. मथळा झाला, ‘मृगात धो धो पाऊस, वेधशाळेची भविष्यवाणी’. आता वाहन ही पंचांगातली गोष्ट. सूर्य नव्या नक्षत्रात शिरला की तिथपासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि ९ नं भागायचं. बाकी ३ उरली तर बेडूक, ७ उरली तर म्हैस, काहीच उरलं नाही तर हत्ती. ढग, वारा, समुद्राचं तापमान यांचा त्या हिशेबाशी काही संबंध नाही. पंचांगाच्या नावावर छापलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पाडव्याला पारावर बसून पाऊसपाणी ऐकायची रीत आमच्याकडं जुनीच आहे. पण छापलं वेधशाळेच्या नावावर.

एका सरीवर लोकांनी सोयाबीन टाकलं, पुढं उघडीप. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी कानीकपाळी ओरडतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका. ते आतल्या पानावर एका कोपऱ्यात. महिनाअखेरीस एका शेतकरी काकांचा फोन आला: “ओ साहेब, वेधशाळेनं सांगितलं म्हणून तुमीच छापलं न्हवं? तीन बॅगा मातीत गेल्या. दुबार पेरणीचं बियाणं आता कोण देणार, तुमी का वेधशाळा?” वार्ताहराला फोन दिला तर तो म्हणतो, “काका, शब्द फक्त बदललाय.” काकांनी पुढं काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की मजकूर हातात आला की आधी समासात लिहायचं, हे सांगितलं कुणी आणि कशावरून. नक्षत्रावरून असेल तर पंचांगाचं भाकीत, यंत्रावरून असेल तर अंदाज, नुसत्या अनुभवावरून असेल तर त्या माणसाचा होरा. नाव सापडलं नाही तर बातमी बाजूला. नव्या पोरांना हे जड जातं. म्हणतात, ‘अंदाज’ फार मिळमिळीत वाटतो, कुणी उघडून वाचत नाही. न वाचू दे. मथळ्यात जागाही कमी लागते.

भाकीत लिहिताना ‘की’ दीर्घ. विभक्ती लागली की ऱ्हस्व: भाकिताचा, भाकितावर. मोबाइल सुचवतो तसं लिहू नका, तो दोन्हीकडं चुकतो. भाकीत करतात किंवा वर्तवतात. ‘भाकीत दिले’ वाचलं की बाजारात कुणी कलिंगड काढून दिल्यासारखं वाटतं.

राशिभविष्य, ‘शि’ ऱ्हस्व. बहुतेक पेपर चुकीचंच छापतात, म्हणून ते बरोबर होत नाही.

ज्योतिष ही विद्या, ज्योतिषी हा माणूस. ‘ज्योतिष म्हणाला’ असं लिहिणाऱ्याशी मी वाद घालत नाही, खोडतो.

होरा म्हणजे राशीचा अर्धा भाग, १५ अंश. पण ‘माझा होरा चुकला’ म्हणणाऱ्यानं कुंडली मांडलेली नसते, अटकळ बांधलेली असते. दोन्ही चालतं, मात्र ज्योतिषावरच्या लेखात यातला कोणता होरा ते कळलं पाहिजे.

आणि पुढाऱ्याची टर उडवायला ‘कुडमुडे जोशी’ लिहू नका. मराठीत हा वाक्प्रचार मुरलाय, मान्य. पण कुडमुडे, मेढंगी, सरोदे हे दारोदार भविष्य सांगत आलेले जोशी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. आपल्याच तालुक्यात त्यांची पालं पडतात, त्यांची पोरं आपलाच पेपर वाचतात. अंदाज चुकला म्हणायचं असेल तर अंदाज चुकला, एवढंच लिहा.